दादा, माझे कान परत आले

दादा, तुझ्याशी बोलायचं म्हणजे तुझ्यासमोर येऊन उभं राहावं लागायचं. पाठीमागून कितीही बोंब मारा, तू आपला सायकलची चेन पुसत बसलेला. मग वहिनी म्हणायची, "अरं, तोंडासमोर जा त्याच्या, मंग कळंल त्याला." बावीस वर्षं भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमच्या खडखडाटात कापड विणत काढलीस, त्यात कान गेले आणि डोळे तयार झाले. ओठ वाचण्यात तू इतका पटाईत, की मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलेली शिवीसुद्धा तुला अंगणाच्या त्या टोकावरून कळायची आणि तिथूनच चप्पल यायची. आता समोर यायचं तर कुणाच्या? म्हणून लिहितोय. तू सातवीपर्यंत शिकलेला, ओळीवर बोट ठेवून वाचायचास, तेव्हा सोपं लिहीन.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. लोक अजून येताहेत. येतात, बसतात, म्हणतात, बापामागं बाप झाला हो तुमचा दादा. खरंच आहे ते. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू एकोणीसचा. पण ते ऐकताना मला रडू येण्याऐवजी चिडच येते. आपलं भांडण चालू होतं ना? पाच वर्षं चाललेलं भांडण अर्ध्यावर टाकून तू अकरा दिवसांच्या काविळीचं निमित्त करून उठून गेलास. शेवटचा शब्द आपलाच राहावा अशी तुला खोडच होती.

भांडण एकाच वाक्याचं होतं. गणपतीला, शिमग्याला, भात झोडताना, कधीही तू म्हणायचास, "सुध्या, तुझी फौज माझ्यामुळं राह्यली." मी म्हणायचो, "तुझ्यामुळं नाही." तू म्हणायचास, "मंग कुणामुळं?" आणि मला नीट सांगताच यायचं नाही. मी तापायचो, तू गालात हसायचास, वहिनी म्हणायची, "झाला का सुरू तुमचा?" आज सांगतो. मध्ये तोंड घालू नकोस.

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी आग्रा रोडवरून फौजेच्या गाड्या जायच्या. आम्ही वळ गावची पोरं शाळा बुडवून नाक्यावर उभी राहायचो. एक गाडी थांबली होती, टायर बदलत होते. मी खिशातले पेरू एका जवानाला दिले. तो म्हणाला, "पढ़ते हो?" मी म्हटलं, "ग्यारहवीं." तो म्हणाला, "अच्छा है. फिर आना." एवढंच. त्या "फिर आना"चा मी काय अर्थ घेतला ते तुला माहीत आहे. अकरावीचा, म्हणजे मॅट्रिकचा, निकाल लागेपर्यंत मी रोज खाडीच्या बांधावरून पळत होतो आणि शाळा सुटल्यावर तुझ्या शेजारी दोन लूम चालवत होतो. चार तुझे, दोन माझे.

निकाल लागला तेव्हा तू धुतलेला सदरा घालून कॉलेजात गेलास आणि फॉर्म घेऊन आलास. घराण्यातला पहिला कॉलेजवाला म्हणून तू साऱ्या आळीत तो कागद दाखवत फिरलास. कोरा फॉर्म! त्यावर माझं नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, मला भरती व्हायचंय, जवान म्हणून, आत्ता. तू म्हणालास, "आधी कॉलेज. फौज काय पळून चाललीय?" मी म्हटलं, वय पळून जातं. बोलणं तिथंच थांबलं, कारण दोघांनाही कामावर जायचं होतं.

मग मी ते केलं. मित्राकडे जातो असं सांगून गुपचूप ठाण्याला भरतीला गेलो. उंची झाली, पळणं झालं, छाती झाली. छातीवर जांभळ्या शाईनं नंबर टाकला त्यांनी. शेवटी डॉक्टर. त्यानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, एका कानात बोट घालायला सांगितलं आणि स्वतः मागं गेला. म्हणाला, मी हळू बोलेन ते तू मोठ्यानं म्हण. मी उभा. काही ऐकू येईना. तेव्हा मी काय केलं असेल? जे आपल्या लूमच्या शेडातला कुठलाही माणूस करील तेच केलं. मान फिरवून त्याच्या तोंडाकडे बघितलं.

त्यानं माझं डोकं धरून भिंतीकडे केलं. मी परत फिरवलं. त्यानं परत धरलं. तिसऱ्या वेळी मागची सगळी रांग हसायला लागली. डॉक्टर भला होता. त्यानं माझे हात बघितले, बोटं बघितली, आणि विचारलं, "भिवंडी का? लूमवर?" मी मान हलवली. तो म्हणाला, "कान पूर्ण गेलेले नाहीत, पण जायच्या वाटेवर आहेत. तीन महिने त्या आवाजापासून लांब राहा. मग ये. नाही राहिलास तर येऊ नकोस." कान दाखवायला गेलो आणि मान फिरवून परत आलो.

तुला सांगणार नव्हतोच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आंघोळ करताना तो जांभळा नंबर काही जाईना. मी नारळाच्या शेंडीनं छाती घासतोय आणि तू समोर येऊन उभा.

"ह्यो कसला आकडा?"

मी घासत राहिलो. माझे ओठ हलले नाहीत, त्यामुळं तुला वाचायलाही काही नव्हतं. पण तुला कळलं. रहाटाचा दोर तसाच हातात धरून तू म्हणालास, "कुठं जातोस ते सांग मला. कुठून पळतोस ते मला म्हायत हाय."

मला तेव्हा ते वाक्य टोमण्यासारखं लागलं. मी तुला वाट्टेल ते बोललो. तू सातवी झालेला, तुला काय कळतंय फौजेतलं, असंही बोललो. तुझ्या तोंडासमोर बोललो, म्हणजे तुला सगळं कळावं अशाच बेतानं. ते शब्द मला परत घ्यायचे होते, दादा. पाच वर्षांत घेतले नाहीत. आता घेतो.

 तिसऱ्या दिवशी मी सायकलच्या कॅरिअरवर बसायला आलो तर तू हात आडवा धरलास. "उद्यापासनं काय, आजपासनंच शेडात यायचा न्हाय." मला वाटलं, शिक्षा. मी विचारलं, माझे लूम? म्हणालास, "मी बगतो." सहा लूम? "सहा तं सहा." आणि मग ते बोललास: "कॉलेजात जायाला कान लागतात, फौजेत जायाला बी लागतात. आधी कान परत आण. मंग भांडू."

ज्याला मी फौजेत जायला नको होतो, तोच मी फौजेच्या परीक्षेत पास व्हावा म्हणून सहा लूम चालवायला लागला. हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. मलाही कळायला वेळ लागला. त्याच सुमाराला कॉलेजही सुरू झालं. फॉर्म तूच भरायला लावलास, म्हणालास, नुसता घरात बसून कान कुठनं येणार, तिथं प्रोफेसर काय पुटपुटतात ते ऐकून सराव कर.

आणि तू सुरू केलेली ती तपासणी! डॉक्टरनं केली तशी. रोज संध्याकाळी मला अंगणात पाठमोरा उभा करून तू मागून कुजबुजायचास. पण ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही तो कुजबुजणार कसा? तुझी कुजबुज खाडीपलीकडे जायची. पहिल्याच दिवशी तू "वांगा!" म्हणून कुजबुजलास आणि शेजारची काकू वांगी घेऊन आली. मग ते काम वहिनीकडे गेलं. ती मागं उभी राहून हळू बोलायची, मी ऐकू येईल ते म्हणायचो, आणि तू समोर ओट्यावर बसून एकदा तिचे ओठ वाचायचास, एकदा माझे. जुळले की मान डोलवायचास. एकदा वहिनी मुद्दाम कुजबुजली, "तुझा दादा म्हंजे येडा हाय." मी म्हणायच्या आत तू म्हणालास, "तू पन!" असे हसलो आपण तिघं, की काकू परत डोकावली.

कुणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीच्या गरम कुंडात डोकं बुडवलं की कान मोकळे होतात. डॉक्टरनं ऐकलं असतं तर दोघांनाही हाकलून दिलं असतं. पण तू सुट्टी टाकलीस आणि आपण एस.टी.नं गेलो. देवीला नारळ दिला, मग कुंडावर. मी डोकं बुडवून वर आलो, पंच्यानं तोंड पुसायला लागलो. मी बघत नाही असं बघून तू हळूच खाली वाकलास आणि दोन्ही कान पाण्यात धरलेस. बराच वेळ. वर आलास तेव्हा आजूबाजूला असा बघत होतास, की काहीतरी ऐकू येईल. मग डोकं पुसलंस आणि मला म्हणालास, "पाणी लय गरम हाय, नाय?" मी हो म्हटलं. मी ते बघितलं होतं, दादा. मी बघितलं नाही असं तुला आजपर्यंत वाटू दिलं.

दुसऱ्या महिन्यात कान यायला लागले. आधी बारीकसारीक आवाज आले. वहिनीच्या सुपातले तांदूळ. खाडीच्या चिखलात खेकडे चालतात त्याचाही चुरचुर आवाज असतो, हे मला सतराव्या वर्षी कळलं. वर्गात मागच्या बाकावर बसून फळ्यावरचा खडू ऐकू यायचा. आणि एक दिवस घरात तुझा खोकला ऐकू आला. तू किती खोकतोस ते शेडात कधी कळलंच नव्हतं. तिथं तू खोकलास तर नुसतं तोंड हललेलं दिसायचं.

पण मी सांगत होतो ते दुसरंच. शेड सुटलं आणि मग मला तुझं विहिरीवरचं वाक्य कळलं. मी भरतीला गेलो होतो तो अर्धा त्या आवाजातून सुटायला गेलो होतो. तुटलेली सुताची तार जोडा, कांडी बदला, धोटा लावा, परत तार जोडा. त्यातून बाहेर काढणारी कुठलीही गाडी मी पकडली असती. ती हिरवी होती म्हणून मी तिला फौज म्हणालो. तू मला थांबवलं नाहीस. तू नुसतं शेड बाजूला काढलंस आणि म्हणालास, आता बघ, काय उरतं. मी तीन महिने बघितलं. कॉलेजच्या मैदानावर छात्रसेनेच्या खाकी कपड्यात परेड करताना बघितलं, गणिताच्या तासाला बघितलं, बांधावरून पळताना बघितलं. उरली होती, दादा. फौज उरली होती. गेली होती ती घाई. आणि घाई गेल्यावर मला पहिल्यांदाच गणित आवडायला लागलं, हेही खरं आहे.

तीन महिन्यांनी आपण दोघं ठाण्याला गेलो. तोच डॉक्टर. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि तो मागून जे जे बोलला ते ते सगळं म्हणालो. त्यानं माझा खांदा थोपटला. बाहेर तू चिंचेखाली उभा होतास. मी तुझ्यासमोर येऊन म्हटलं, "दादा, माझे कान परत आले." तू म्हणालास, "मंग? आता भांडू?" मी म्हटलं, भांडायला नको. कॉलेज पुरं करतो, मग अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बसतो. फौजेतच जाणार, पण पळत नाही, चालत जाणार.

तुझा चेहरा पडला. मला वाटलं होतं खूश होशील! तू म्हणालास, "माझ्या खोकल्यापायी थांबत असशील तं थांबू नको." आणि तिथून ते पाच वर्षांचं भांडण सुरू झालं.

खोकल्याचं थोडं होतंच. खोटं कशाला बोलू? चार आण्यांइतकं असेल. पण बारा आणे माझे होते. आणि ते बारा आणे तूच मला मिळवून दिलेस, तेव्हा त्यांचं काय करायचं ते तू ठरव.

त्यानंतर तू मला शेडात पाऊल टाकू दिलं नाहीस. डबा द्यायलासुद्धा वहिनीच जायची. मी बी.एस्सी. झालो. परीक्षेला बसलो, पहिल्या मुलाखतीत पडलो. त्या दिवशीही तू म्हणालास, "राह्यली ना माझ्यामुळं?" मी इतका भडकलो, की त्याच दिवशी परत पुस्तकं काढली. यंदा पुन्हा गेलो. पाच दिवसांची मुलाखत, शेवटच्या दिवशी नावं वाचली त्यात माझं होतं. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणी होणार होती, आणि नावं वाचली त्याच दुपारी वहिनीची तार आली. तिथल्या साहेबांनी तपासणीला पुढची तारीख दिली आणि मी निघालो.

दवाखान्यात तू पिवळा पडून झोपला होतास. मी समोर आलो. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "निवड झाली." तू डोळे बारीक करून वाचलंस. मी परत म्हटलं. तेव्हा तू चादरीखालून हात काढलास आणि तळवा पुढं ढकललास, लूमचा दांडा ढकलतात तसा. शेडातली खूण. चालू कर. त्यानंतर चार दिवस होतास, पण बोलणं तेच शेवटचं.

परवा संध्याकाळी वहिनी म्हणाली, "सुदाकर, उभा राहा." मी अंगणात पाठमोरा उभा राहिलो. ती मागून कुजबुजली, "तांदूळ." मी म्हटलं, तांदूळ. "वांगा." वांगं. समोरचा ओटा रिकामा होता.  शेवटी अगदी हळू म्हणाली, "भाताचं शेत मी बगीन. तू मागं बगू नको." मला ते म्हणता आलं नाही. पण ऐकू आलं, एवढं तिला सांगितलं.

आणि काल मी निजामपुऱ्यात गेलो. तुझा डबा, कैची आणि खिळ्यावरचा सदरा आणायला. पाच वर्षांनी. गल्लीत शिरल्यापासून लूमच्या धडधडीनं पायाखालची जमीन हलत होती. शेडाच्या दारात पोचलो तर इस्माईलभाईनं मला बघितलं. तुझ्या शेजारच्या लूमवरचा. त्यानं हात वर केला. आणि एकेक करून लूम थांबायला लागले. आधी त्याचे, मग पलीकडचे, मग अगदी मागच्या भिंतीचे. विणलेल्या मीटरवर मजुरी घेणारी माणसं ती, चोवीस लूम बंद करून उभी राहिली. शेड इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. कुणाच्या तरी गळ्यातली ताईताची पेटी वाजली ती ऐकू आली.

मला वाटलं, तुझ्यासाठी थांबले. मी हात जोडले.

इस्माईलभाई मोठ्यानं म्हणाला, त्यालाही हळू बोलता येत नाही, "हाथ मत जोडो भाई. ये उसके लिए नहीं, तुम्हारे लिए बंद किया. पाच साल से ऑर्डर है उसका. छोटा भाई दरवाजे पे दिखे, तो पहले मशीन बंद. उसके कान फौज के हैं, बोलता था. तुम आए ही नहीं, ऑर्डर ऐसे ही पडा रहा."

मी विचारलं, केव्हापासून? तो म्हणाला, ठाण्याहून आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

म्हणजे तुला माहीत होतं! चिंचेखाली मी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तू शेडात ऑर्डर देऊन मोकळा झालास. एक दिवससुद्धा तुला शंका नव्हती. मग पाच वर्षं माझ्याशी भांडलास कशाला? मला तापवायला? दर वेळी मी "राहिली नाही, जाणार आहे" असं ओरडावं आणि परत पुस्तक उघडावं म्हणून? लबाड माणसा.

मी तिथंच, त्या शांत शेडात, तुझ्या लूमसमोर उभा राहून मोठ्यानं म्हटलं, "तुझ्यामुळं राहिली नाही, दादा. तुझ्यामुळं जातोय." सगळ्यांनी ऐकलं. मग डबा, कैची, सदरा घेतला. बाहेर आलो, गल्लीच्या पार टोकाला गेलो, आणि तिथून इस्माईलभाईला तळवा ढकलून खूण केली. त्यानं हात हलवला. लूम चालू झाले.

सोमवारी तपासणी आहे. डॉक्टर माझ्यामागं जाऊन उभा राहील आणि हळू बोलेल. मी मान फिरवणार नाही, दादा.